सिल्व्हराडो २५००एचडी, ६.० पेट्रोल: ई८५ साठी ट्यून करताना हात नेमका कुठे घालायचा?

ट्रेलरवाला

गाडी २००८ ची शेव्हरोले सिल्व्हराडो २५००एचडी. इंजिन ६.० लिटरचं एलवाय६, गिअरबॉक्स ६एल९०, कॉम्प्युटर ई३८. इंजिन आतून पूर्ण स्टॉक आहे. काम ट्रेलर ओढायचं, त्यामुळे चढावर बराच वेळ ३,५०० ते ४,५०० आरपीएम आणि थ्रॉटल जवळपास पूर्ण उघडा. ८७ ऑक्टेनवर नेमक्या त्याच पट्ट्यात नॉक रिटार्ड (इंधन अवेळी पेटून ठोका आला की कॉम्प्युटर स्पार्क मागे घेतो ते) ४-५ अंश दिसतो आणि गाडी दमते. ई८५ चा (मुख्यतः इथेनॉल असलेल्या इंधनाचा) पंप रोजच्या रस्त्यावर आहे, म्हणून तिकडे वळायचा विचार आहे.

ट्यूनिंगचं सॉफ्टवेअर आणि वाइडबँड (एक्झॉस्टमधून हवा-इंधनाचं मिश्रण मोजणारा सेन्सर) दोन्ही हाताशी आहेत. सगळीकडे एकच सल्ला सापडतो: एमएएफचं (हवेचा प्रवाह मोजणाऱ्या सेन्सरचं) टेबल सरसकट ४० टक्के वाढवा, काम झालं. हे बरोबर आहे का? आताचे इंजेक्टर आणि पंप पुरतील की नाही, हे ई८५ भरण्याआधी कसं कळेल? आणि लांबच्या प्रवासात ई८५ मिळालं नाही तर पेट्रोल भरता आलंच पाहिजे, तर इथेनॉलचे टक्के मोजणारा सेन्सर लावावा की ट्यूनच्या दोन वेगळ्या फाइली ठेवाव्यात?

लॅम्ब्डा०८५

एमएएफला हात लावू नका. हा सल्ला इतका पसरलाय की त्याचं नुकसान नीट समजून घेणं गरजेचं आहे.

एमएएफचं टेबल म्हणजे इंजिनात किती हवा गेली याचं माप. इंधन बदललं म्हणून हवा बदलत नाही. ते टेबल १.४ ने गुणलं की इंधन वाढतं खरं, पण कॉम्प्युटरला वाटतं सिलेंडरमध्ये ४० टक्के जास्त हवा आली. स्पार्कचं टेबल हवेच्या वजनावरच वाचलं जातं, म्हणजे ०.६० ग्रॅमच्या रकान्यात असायला हवं तिथे कॉम्प्युटर ०.८४ च्या रकान्यात जाऊन बसतो आणि तिथलं कमी टायमिंग उचलतो. इथेनॉलचा ऑक्टेन मिळवायला निघालात आणि टायमिंग उलट कमी झालं! शिवाय ६एल९० ला टॉर्कचा अंदाजही याच आकड्यावरून जातो. तो फुगला की गिअरबॉक्सच्या तेलाचं लाइन प्रेशर चढतं, शिफ्ट दणके देतात, टॉर्क मॅनेजमेंट नको तिथे मध्ये पडतं. मग माणूस गिअरबॉक्सची टेबलं छेडायला लागतो आणि मूळ चूक तशीच राहते.

बदल फक्त इंधनाच्या बाजूला करायचा. तिथे खरे आकडे दोनच: स्टॉइक आणि इंजेक्टरचा फ्लो.

स्टॉइक म्हणजे पूर्ण जळणासाठी इंधनाच्या एका भागाला हवेचे किती भाग लागतात ते. शुद्ध पेट्रोल १४.७, ई१० (१० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) साधारण १४.१, ८५ टक्के इथेनॉल ९.८, शुद्ध इथेनॉल ९.०. पंपावरचं साधं पेट्रोल आधीच ई१० असतं, त्यामुळे वजनाने वाढ १४.१ भागिले ९.८, म्हणजे सुमारे १.४४ पट. ई८५ थोडं जड असल्यामुळे तोच इंजेक्टर तेवढ्याच वेळात एखाद-दोन टक्के जास्त वजन सोडतो, म्हणून इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ सुमारे १.४ पट धरा.

वाइडबँडचं डिस्प्ले लॅम्ब्डावर (मिश्रण स्टॉइकच्या किती पट आहे ते; १.०० च्या खाली म्हणजे इंधन जास्त) ठेवा, एएफआरवर (हवा-इंधनाच्या थेट प्रमाणावर) नको. तो सेन्सर मुळात लॅम्ब्डाच मोजतो आणि गेज त्याला १४.७ ने गुणून दाखवतं. ई८५ वर गेजने १२.५ दाखवलं तर खरं मिश्रण १२.५ नसतं, ते ०.८५ लॅम्ब्डा असतं. पेट्रोल असो वा इथेनॉल, १.०० म्हणजे १.००. पूर्ण लोडला हे इंजिन ०.८४ ते ०.८७ मध्ये ठेवा. पॉवर एनरिचमेंट (पूर्ण लोडचं जास्तीचं इंधन) ईक्यू रेशोमध्ये (१ भागिले लॅम्ब्डा) असेल तर १.१७ म्हणजे ०.८५५.

इंजेक्टर पुरतील का, ते आजच्याच पेट्रोलच्या लॉगवरून कळतं. एका सिलेंडरचं पूर्ण चक्र किती मिलिसेकंदांचं, ते काढायला १,२०,००० ला आरपीएमने भागा. ५,४०० ला २२.२ मिलिसेकंद येतात. लॉगमधल्या पल्सला (इंजेक्टर उघडा राहण्याच्या वेळेला) त्याने भागलं की ड्यूटी मिळते, म्हणजे इंजेक्टर किती टक्के वेळ उघडा असतो ते. समजा पेट्रोलवर पल्स १२.५ आहे: ई८५ वर १७.५, म्हणजे ७९ टक्के, चालेल. समजा १५ आहे: ई८५ वर २१, म्हणजे ९५ टक्के, अजिबात चालणार नाही. ८५ च्या पुढे इंजेक्टरला नीट बंद व्हायलाच वेळ मिळत नाही, आणि मिश्रण पातळ होतं ते नेमकं सगळ्यात जास्त लोडवर.

दोन-तीन पूर्ण थ्रॉटलचे लॉग घ्या. आरपीएम, पल्स, मागितलेला लॅम्ब्डा, वाइडबँड, दोन्ही बँकांचे (सिलेंडरच्या दोन ओळींचे) ट्रिम (कॉम्प्युटरने इंधनात केलेली टक्क्यांतली दुरुस्ती) आणि इंधनाचं प्रेशर, एवढं एकत्र हवं.

रिंगपाना

वरचं गणित पंप दमदार असेल तरच खरं. तेव्हा लोखंडाच्या बाजूचं बोलतो.

३६० हॉर्सपॉवर धरली आणि ई८५ ला दर हॉर्सपॉवरमागे तासाला ०.७० पौंड इंधन धरलं, तर २५२ पौंड होतात, म्हणजे ताशी सुमारे १४५ लिटर. पंपाच्या खोक्यावर २५५ लिहिलेलं असलं की लोक निर्धास्त होतात, पण तो आकडा ठरावीक प्रेशर आणि पूर्ण व्होल्टेजचा असतो. तुमच्या रेलला (इंजेक्टरना इंधन देणाऱ्या नळीला) ५८ पीएसआय लागतं आणि पंपापर्यंत किती व्होल्ट पोचतात, हे कुणी मोजलेलंच नसतं. मल्टिमीटर पंपाच्या कनेक्टरला लावा आणि गाडी लोडखाली असताना वाचा; उभ्या गाडीत वाचलेला आकडा काही कामाचा नाही. बॅटरी आणि पंप यांच्यात अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर नवीन पंप घेण्याआधी वायरिंग सुधारा. पंप बदलायचाच ठरला तर निर्माता ई८५ साठी मान्य म्हणतो तोच घ्या. इथेनॉल पेट्रोलपेक्षा वीज जास्त वाहू देतं, आणि टाकीतलं उघडं टर्मिनल, कम्युटेटर, ब्रश पुढे खराब होतात ते त्यामुळेच.

रबर. टाकीच्या आत पंपाला जोडणारा नळीचा तुकडा एसएई ३०आर१० दर्जाचाच हवा, कारण तो आतून-बाहेरून इंधनात बुडलेला असतो. ३०आर९ बाहेर ठीक आहे, पण बुडवून ठेवला तर बाहेरचा थर मऊ पडतो, फुगतो आणि क्लॅम्पखाली फाटतो. मग पंप धडधाकट असूनही प्रेशर टाकीतच गळून जातं आणि दोष पंपावर येतो. ओ-रिंग व्हायटॉनच्या घ्या. बिनकोटिंगचं अॅल्युमिनियम, जस्त, पितळ लाइनमध्ये कुठेही ठेवू नका. तुमची टाकी प्लॅस्टिकची, तिची काळजी नाही.

पहिल्या दोन-तीन टाक्यांत इथेनॉल जुन्या टाकीतला चिकटा सोडवतं आणि तो पंपाच्या जाळीवर येऊन बसतो. लक्षण ठरलेलं: आयडल छान, शहरात छान, चढावर दोन-तीन मिनिटं दाबून ठेवली की प्रेशर हळूहळू उतरतं. टाकी उतरवणारच असाल तर जाळी त्याच वेळी नवी बसवा.

सेन्सर लावावा की दोन फाइली? सेन्सरच लावा. अमेरिकेतल्या पंपावरचं ई८५ दरवेळी ८५ टक्के नसतं. एएसटीएम डी५७९८ प्रमाणे त्यात ५१ ते ८३ टक्के इथेनॉल असू शकतं. हिवाळ्यात कमी, उन्हाळ्यात जास्त. जानेवारीत केलेली ठोकळ फाइल जुलैत पातळ पडते.

जीएमचा तीन वायरींचा सेन्सर घ्या: एक पॉवर, एक अर्थ, एक सिग्नल. सिग्नल ५० ते १५० हर्ट्झ, त्यातून ५० वजा केले की थेट इथेनॉलचे टक्के. १२४ हर्ट्झ म्हणजे ७४ टक्के. इंधनाचं तापमान त्याच सिग्नलच्या पल्सच्या रुंदीत असतं. १८० हर्ट्झ किंवा वर दिसलं तर इंधनात पाणी किंवा दुसरं काही मिसळलंय असं समजा. रेलकडे जाणाऱ्या फीड लाइनमध्ये बसवा, एक्झॉस्टपासून लांब, हाताने तपासता येईल अशा जागी. तुमच्याकडे परतीची लाइन नाही, म्हणून पूर्ण प्रवाह त्यातूनच जाईल, आणि तसंच हवं.

ट्रेलरवाला

खूप उपयोग झाला. लॉग घेतले. आता गाडीत साधं ई१० आहे.

५,२०० आरपीएम, पूर्ण थ्रॉटल: पल्स १४.१ मिलिसेकंद, मागितलेला लॅम्ब्डा ०.८६, वाइडबँड ०.९१. रेल प्रेशर आयडलला ५८, त्या क्षणी ५१. बॅटरी १४.१ व्होल्ट, पंपाच्या कनेक्टरला १२.४. हलक्या लोडला लाँग टर्म ट्रिम दोन्ही बँकांवर अधिक २ ते ३. कोणताही कोड नाही.

म्हणजे इंजेक्टर पुरतील ना?

लॅम्ब्डा०८५

थांबा. या लॉगने ई८५ च्या आधीचाच दोष दाखवलाय.

इंजेक्टरचा फ्लो प्रेशरच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. ५१ भागिले ५८ म्हणजे ०.८८, त्याचं वर्गमूळ ०.९४. म्हणजे ६ टक्के इंधन कमी पडतंय. आता लॅम्ब्डा बघा: ०.८६ भागिले ०.९१, तेही ०.९४ च. दोन्हीकडून एकच आकडा येतो, तेव्हा एमएएफ बरोबर आहे, इंजेक्टरची माहिती बरोबर आहे, फक्त प्रेशर पडतंय. हलक्या लोडचे ट्रिमही तेच सांगतात. पूर्ण लोडला ०.९१ म्हणजे ट्रेलरसकट चढावर तुमचं इंजिन पातळ चाललंय, आणि त्या ४-५ अंशांच्या नॉकमध्ये याचा वाटा नक्की आहे. ई८५ घ्या किंवा घेऊ नका, हे आधी सुधारा.

पंपाकडे जाताना १.७ व्होल्ट वाटेत हरवतात. बॅटरीवरून फ्यूज आणि रिलेमधून १० गेजची वायर थेट पंपापर्यंत न्या, जुनी पॉवरची वायर फक्त रिले चालू करायला वापरा आणि पंपाचा अर्थ चेसिसवर रंग खरवडून स्वच्छ जागी घट्ट बसवा. अर्थची बाजू बहुतेक लोक विसरतात, आणि अर्धा दोष तिथेच सापडतो. मग पुन्हा लॉग घ्या. व्होल्टेज आलं तरी प्रेशर ५८ च्या जवळ टिकत नसेल, तर मात्र पंप किंवा जाळी.

इंजेक्टरचं म्हणाल तर प्रेशर सुधारल्यावरही पल्स १४.१ च राहील, फक्त त्यातून मिश्रण ०.८६ येईल. ई८५ ला १४.१ गुणिले १.४ म्हणजे १९.७. ५,२०० ला चक्र २३.१ मिलिसेकंदांचं, ड्यूटी ८५. काठावर आहे. ५,२०० च्या वर, थंड दाट हवेत, खऱ्या ८३ टक्के इंधनावर ही मर्यादा ओलांडली जाईल. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला काठावर ठेवू नका.

किमान माप असं काढा: ३६० गुणिले ०.७०, भागिले ८ सिलेंडर, भागिले ०.८५. ताशी ३७ पौंड येतात. याच रेलला बसणारे, ५८ पीएसआयला ४२ पौंडांच्या आसपासचे इंजेक्टर घ्या. नवा पल्स म्हणजे जुना पल्स गुणिले जुना फ्लो भागिले नवा फ्लो. उदाहरणादाखल जुने ३६ चे धरले तर १९.७ चे १६.९ होतात, ड्यूटी ७३. वर श्वास घ्यायला जागा राहते. त्याहून फार मोठे घेऊ नका. पेट्रोलवर आयडलला पल्स इतका छोटा होतो की तो नीट मोजून सोडता येत नाही.

फाइलमध्ये फ्लोचा एकच आकडा बदलून चालत नाही. प्रेशरनुसार फ्लो, व्होल्टेजनुसार ऑफसेट (इंजेक्टर उघडायला लागणारा उशीर), किमान पल्स आणि छोट्या पल्सची दुरुस्ती, हे चारही त्याच इंजेक्टरचे हवेत. ऑफसेट चुकला की आयडलला ट्रिम एका दिशेला आणि हायवेवर दुसऱ्या दिशेला पळतात. म्हणून क्रम पाळा: वायरिंग, मग इंजेक्टर, मग पेट्रोलवरच ट्रिम अधिक-उणे ५ च्या आत. तोपर्यंत ई८५ चा थेंबही टाकू नका, नाहीतर कोणत्या बदलाने काय झालं ते कळणार नाही.

सेन्सरबद्दल: ई३८ ला फ्लेक्स (पेट्रोल आणि ई८५ चं कोणतंही मिश्रण) समजतं, पण तुमच्या फाइलच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ती टेबलं उघडलेली आहेत का ते आधी पाहा. नसतील तर त्याच कॉम्प्युटरच्या, कारखान्यातूनच फ्लेक्स असलेल्या एल९६ च्या फाइलशी तुलना करा. सेन्सरची पिन तुमच्या वर्षाच्या वायरिंग डायग्राममधूनच घ्या, दुसऱ्या मॉडेलच्या फोटोवरून नको. जोडल्यावर इंजिन चालू करण्याआधी स्कॅनरवर टक्के वाचा. ई१० वर १० च्या आसपास दिसलं पाहिजे. पी०१७८ आला तर सिग्नल लो, पी०१७९ आला तर हाय. दोन्ही वेळा आधी वायर तपासा.

आता टायमिंग. मुख्य टेबलात एक अंशही वाढवू नका. इथेनॉलच्या टक्क्यांवर चालणारं वेगळं स्पार्कचं टेबल असतं, वाढ फक्त तिथेच, शून्य टक्क्यांच्या रकान्यात शून्य ठेवून. मग पेट्रोल भरलं की टायमिंग आपोआप परत येतं. वाढही सगळीकडे नको. हलक्या लोडला हे इंजिन आधीच सर्वोत्तम टायमिंगवर असतं, तिथे ऑक्टेनने काही मिळत नाही. तुमचा पट्टा म्हणजे पेट्रोलवर नॉक येतो तो. तिथे एकेक अंश, जास्तीत जास्त ३ ते ४.

इथे एक फसगत होते. पेट्रोलवर टायमिंग जास्त झालं की नॉक सांगतो. ई८५ वर तो बराच उशिरा बोलतो. टायमिंग सर्वोत्तम बिंदूच्या पुढे गेलं तरी आवाज नाही, रिटार्ड नाही, फक्त टॉर्क उतरतो आणि सिलेंडरमधलं प्रेशर उगाच वाढतं. नॉक नाही म्हणजे अजून वाव आहे, असं समजू नका. त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये, ठरलेल्या दोन वेगांमधला वेळ मोजा. एक अंश वाढवून वेळ कमी झाला नाही तर तो अंश परत काढा.

थंडस्टार्ट

थंडीचं कुणी बोललं नाही, ते जोडतो. शुद्ध इथेनॉलचा फ्लॅश पॉइंट सुमारे १३ अंश सेल्सियस. त्याखाली पेटण्याइतकी वाफ मिळते ती मिश्रणातल्या पेट्रोलमधून, आणि हिवाळी ई८५ मध्ये पेट्रोल जास्त ठेवतात ते याचसाठी. क्रँकिंगचं इंधन इथेनॉलच्या टक्क्यांनुसार वाढवावं लागतं, पण बेताने. थंड इंजिनात द्रव इथेनॉल जास्त सोडलं तर प्लग भिजतात आणि मग कितीही फिरवा, इंजिन पेट घेत नाही. भिजलंच तर पेडल पूर्ण दाबून क्रँक करा, फ्लड क्लिअरमध्ये इंजेक्टर बंद राहतात. शून्याखाली ब्लॉक हीटर लावणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय.

छोट्या फेऱ्यांत हेच इंधन तेलात उतरतं. तेल बदलण्याचं अंतर कमी करा, आणि डिपस्टिकवर पातळी वर चढलेली दिसली तर अंतर न पाहता बदला. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर शेवटची टाकी पेट्रोलची भरून थोडी चालवा, म्हणजे रेलमध्येही पेट्रोल येतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

मायलेज २५ टक्क्यांच्या आसपास घटेल. ट्रेलरसकट गॅलनला १० मैल मिळत असतील तर साडेसात धरा. ई८५ तेवढं स्वस्त असेल तर खर्चात बरोबरी, नसेल तर तुम्ही चढावरच्या ताकदीचे पैसे देताय. हा व्यवहार मान्य असेल तरच पुढे जा.

आणि कायदा. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाडीचं इंधन बदलणं ईपीए या पर्यावरण संस्थेच्या नियमांखाली येतं. रूपांतराचे नियम ४० सीएफआर भाग ८५, सबपार्ट एफ मध्ये आहेत. कॅलिफोर्नियात सीएआरबी या तिथल्या हवा मंडळाची मान्यता वेगळी लागते. कॅटॅलिस्ट, ऑक्सिजन सेन्सर आणि त्यांचे मॉनिटर जसेच्या तसे चालू ठेवा. काम सुरू करण्याआधी आपल्या राज्याची तपासणी वाचून घ्या.

ट्रेलरवाला

आधी वायरिंग, मग इंजेक्टर, मग पेट्रोलवर ट्रिम, हे पटलं. शेवटचं एक: सेन्सर खरं सांगतोय का, हे घरी ताडून कसं बघायचं?

रिंगपाना

१०० मिलिलिटरचा खुणा असलेला काचेचा सिलेंडर घ्या. ५० मिलिलिटर पाणी, त्यावर ५० मिलिलिटर इंधन. बूच लावून हलवा, मध्ये एक-दोनदा बूच सैल करून वाफ सोडा, मग दहा मिनिटं स्थिर ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं, पेट्रोल वर तरंगतं. वाचायचा तो वरचा थर. खालचा नको, कारण पाणी आणि इथेनॉल मिसळले की त्यांचं एकूण आकारमान थोडं आक्रसतं आणि टक्के कमी दिसतात. वर १२ मिलिलिटर राहिले तर ५० पैकी १२, म्हणजे २४ टक्के पेट्रोल आणि ७६ टक्के इथेनॉल. सेन्सर त्यावेळी १२६ हर्ट्झच्या आसपास हवा. चार-पाच टक्क्यांचा फरक सोडून द्या. पाणी कमी घेऊ नका. १० ला ९० केलं तर एवढ्या इथेनॉलमध्ये थर वेगळे होतच नाहीत.

हे मोकळ्या हवेत करा, ठिणगी आणि आंचेपासून लांब. आणि टाकी भरल्या भरल्या वाचू नका: लाइनमध्ये जुनं इंधन असतं, काही मैल चालवल्यावरच सेन्सरचा आकडा स्थिर होतो.